बर्था बेंझ : मोटारीच्या पहिल्या दूरच्या प्रवासाची हकीकत

रस्त्याने जाणाऱ्या मोटारीकडे हल्ली कोणी मान वळवूनही पाहत नाही. परंतु घोड्यावाचून चालणारी गाडी हा जेव्हा केवळ थट्टेचा विषय होता, त्या काळी तिच्यापायी आपले सर्वस्व पणास लावणारी एक स्त्री जर्मनीत होऊन गेली. तिचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे, आणि विशेषेकरून विद्यार्थिनींपुढे, ठेवावे असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होते.

बर्थाबाईंचा जन्म ३ मे १८४९ रोजी फोर्त्सहाइम या गावी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव रिंगर. वडील सुतारकाम व बांधकाम करून सुखवस्तू झालेले गृहस्थ होते. घरच्या पवित्र शास्त्राच्या पुस्तकात मुलांच्या जन्माची नोंद करण्याचा त्यांचा परिपाठ असे. बर्थाबाईंच्या जन्माची नोंद करताना त्यांनी, पुन्हा मुलगीच झाली, अशी खंत लिहून ठेवल्याचे सांगतात. ती ओळ मुलीने पुढे वाचली आणि ती तिच्या मनास फार लागली. मुलगी झाल्याची हळहळ करणारी घरे आपल्याकडेही दुर्मिळ नाहीत, म्हणून ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली.

पुढे कार्ल बेंझ या तरुण यंत्रशास्त्रज्ञाशी त्यांचा विवाह ठरला. कार्ल हे रेल्वेच्या एका इंजिनचालकाचे पुत्र. लहानपणीच पितृसुखास पारखे झालेले. मॅनहाइम शहरी त्यांनी भागीदारीत कारखाना काढला होता, परंतु भागीदार भरवशाचा निघाला नाही. तेव्हा बर्थाबाईंनी आपल्या हुंड्याची रक्कम विवाहापूर्वीच वडिलांकडून मागून घेतली आणि भागीदाराचा वाटा फेडून टाकला. २० जुलै १८७२ रोजी विवाह झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे ओढाताणीची गेली. १८७९ सालच्या शेवटच्या रात्री, सर्व गाव नववर्षाच्या आनंदात असता, हे पतिपत्नी कारखान्यात जाऊन आपले इंजिन पुन्हा एकवार चालवून पाहत होते. आणि त्या रात्री ते चालले.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी आपल्या तीन चाकी मोटारगाडीचे पेटंट मागितले. पेटंट बेंझ अँड कंपनी या कारखान्याच्या नावाने झाले. गाडी तयार झाली, परंतु गिऱ्हाईक मिळेना. कार्ल स्वभावाने अतिशय चिकित्सक. गाडीत अजून अमुक उणे, तमुक उणे, असे म्हणत ते ती दूरवर नेण्याचे टाळीत. इकडे घरातील पैसा आटत चालला होता. गाडी लोकांच्या दृष्टीस पडल्यावाचून ती खपणार नाही, हे बर्थाबाईंनी ओळखले.

ऑगस्ट १८८८ मध्ये, शाळांना सुट्टी असताना, एके दिवशी पहाटे पती निद्रिस्त असतानाच त्या ऑयगेन व रिशार्ड या आपल्या दोन मुलांसह गाडी घेऊन निघाल्या. थोरला पंधरा वर्षांचा, धाकटा त्याहून लहान. मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी, जावयाचे होते. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. इतक्या दूर मोटार त्यापूर्वी कोणी नेली नव्हती. पतीसाठी त्यांनी एक चिठ्ठी मागे ठेवली, एवढेच.

आता इंजिन कसे चालते हे थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची हकीकत नीट उमजणार नाही. नळकांड्यात इंधनाची वाफ व हवा यांचे मिश्रण शिरते, दट्ट्या ते दाबतो, आणि नेमक्या क्षणी विजेची ठिणगी पडून ते पेटते. बेंझ यांच्या गाडीत ही वीज बॅटरीतून निघे, तारेच्या वेटोळ्यातून जाताना तिचा दाब पुष्कळ वाढे, आणि शेवटी प्लगाच्या दोन टोकांमधील पोकळीतून ती उडी घेई. इतक्या दाबाच्या विजेला जवळची वाट सापडली की ती लांबची वाट धरीत नाही. तारेवरील आवरण कोठे घासून तार लोखंडास टेकली, तर वीज तेथेच निसटते. प्लगापाशी ठिणगी पडत नाही आणि इंजिन बंद पडते. मौज अशी की इंधनाची नळी तुंबली तरी इंजिन बंदच पडते. म्हणून शोध करणाऱ्याने प्रथम ठरवावयाचे ते हे, की उणीव ठिणगीची आहे की इंधनाची. पुढे १९६७ साली फेलिक्स वांकेल यांच्या पद्धतीचे फिरते इंजिन माझ्दा कंपनीच्या कॉस्मो मोटारीत बसले, तेथे प्रत्येक कक्षाला दोन प्लग असत. तरी बिघाड शोधण्याची पहिली पायरी तीच राहिली.

बर्थाबाईंना या दोन्ही अडचणी वाटेत भेटल्या. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी आपल्या टोपीच्या लांब टाचणीने मोकळी केली. विजेच्या तारेचे आवरण घासून गेले, तेव्हा मोजा वर धरून ठेवणारा लवचिक बंद काढून त्यांनी तो आवरणाच्या जागी वापरला. या गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. टाचणी आणि बंद कोणत्याही बाईपाशी होते. कोठे काय बिघडले हे ओळखण्याची दृष्टी मात्र कारखान्यात पतीशेजारी घालविलेल्या वर्षांनी दिली होती.

इंधन संपत आले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतले. कपड्यांचे डाग काढण्यासाठी लोक ते नेत असत. गाडीसाठी मागणारे हे गिऱ्हाईक दुकानदारास नवलाचेच वाटले असेल. इंजिन थंड ठेवण्याचे पाणी उकळून उडून जाई, ते वाटेत जेथे मिळेल तेथे भरावे लागे. ताणलेली साखळी एका लोहाराने नीट केली. चढ आला की गाडी दम सोडी आणि खाली उतरून ती ढकलावी लागे. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा बर्थाबाईंनी एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ही युक्ती गाडी बनविणाऱ्याला सुचली नव्हती, चालविणारीला सुचली.

दिवस मावळता तिघे फोर्त्सहाइमला पोहोचले आणि तारेने कार्ल यांना खुशाली कळविली. काही दिवसांनी ती सर्व मंडळी त्याच गाडीतून परतली. चढासाठी आणखी एक गियर हवा, हे या प्रवासाने दाखवून दिले, आणि कार्ल यांनी तो बसविला. त्याच वर्षी म्यूनिखच्या प्रदर्शनात गाडीस सुवर्णपदक मिळाले. पुढे पॅरिसचे एमिल रोजे हे बेंझ गाड्या विकू लागले, आणि शतक संपण्यापूर्वी बेंझ यांचा कारखाना मोटारी बनविणाऱ्या जगातील आघाडीच्या कारखान्यांत गणला जाऊ लागला.

कार्ल १९२९ साली लाडेनबुर्ग येथे वारले. बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षे जगल्या. ज्या काळी त्या तरुण होत्या त्या काळी मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. परंतु ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयाने त्यांना सन्माननीय सभासद करून घेतले. कार्ल तेथेच शिकले होते. दोन दिवसांनी, ५ मे रोजी, बर्थाबाईंनी देह ठेवला. २००८ साली त्यांच्या प्रवासाचा मार्ग स्मारकमार्ग म्हणून खुला करण्यात आला. वीसलोखचे ते औषधाचे दुकान जगातील पहिला पेट्रोलपंप म्हणून ओळखले जाते.