महाडची परिषद उभी राहिली कशी?

एप्रिल जवळ आला की पनवेल तालुक्यात वस्तीवस्तीतून भीमजयंतीच्या बैठका सुरू होतात. पहिला वाद अध्यक्ष कोण, दुसरा बॅनरवर फोटो कोणाचा मोठा! जेवणाचा विषय रात्री बारा वाजता निघतो आणि पाण्याचा टँकर आदल्या दिवशी आठवतो. अशा वेळी आम्हाला रामचंद्र बाबाजी मोरे आठवतात. पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाडला, या तरुणाने हजारोंची परिषद भरवण्याचा घाट घातला होता.

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाडजवळच्या लाडवली गावचा. शिष्यवृत्ती परीक्षा पास होऊनही अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना दार लावले. या पोराने वर्तमानपत्रात पत्र धाडले आणि शाळेला दार उघडावे लागले. पुढे बाजाराला येणाऱ्या आपल्या माणसांना महाडात घोटभर पाणी मिळेना, म्हणून त्यांनी खटपट करून चहाचे दुकान सुरू करवले. दुकान कसले, चळवळीचे कार्यालयच ते! पेन्शनर सुभेदार, शेतकरी, मजूर तिथे टेकायचे, गावोगावच्या खबरा द्यायचे. परिषदेची पायाभरणी तिथे झाली असे आमचे मत आहे.

१९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण ते कागदावरच राहिले. त्याच साली मोरे बाबासाहेबांना भेटले आणि परिषदेचे अध्यक्षपद घेण्याची विनंती केली. प्रत्यक्षात १९२७ उजाडले. मधली वर्षे वाया गेली नाहीत. कार्यकर्ते डोंगर तुडवत गावोगाव गेले. सुमारे ४० गावांनी प्रत्येकी ३ रुपये दिले, शिवाय धान्य दिले. म्हणजे रोख जमली १२० रुपये. आणि परिषदेसाठी सवर्णांकडून पाणी विकत घ्यायला लागले ४० रुपये! ज्या पाण्यासाठी लढा, त्याच्यासाठीच पैसे मोजायचे, हे आधी ओळखून तरतूद करणारी माणसे त्या समितीत होती.

कामाची वाटणी पाहा. स्वागताध्यक्षपद संभाजी तुकाराम गायकवाड यांच्याकडे गेले. ते मोरे यांनी आपल्याकडे ओढले नाही. नगरपालिकेची बाजू सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी सांभाळली. मुंबईहून अनंतराव चित्रे आले. टिपणीस, चित्रे जन्माने अस्पृश्य नव्हते, तरी त्यांना कोणी परके मानले नाही. आज आपल्या समित्या पोटजातीवरून फुटतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. २० मार्चला परिषद संपता संपता तळ्यावर जाण्याची सूचना चित्रे यांनीच मांडली आणि समुदाय रांगेने बाबासाहेबांमागे निघाला.

पाणी प्यायल्यानंतर सवर्ण गुंडांनी प्रतिनिधींवर हल्ला केला, शिजलेले अन्न मातीत घातले. पण यातून शिकून डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेची बांधणी झाली. महाडचे व्यापारी माल देईनात म्हणून शिधा बाहेरून आणला. चित्रे आधीपासून महाडात तळ ठोकून बसले. मंडपाला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. शिस्त राखायला सुभेदार घाटगे उभे राहिले. धरमतर मार्गे बसवाले अडवतील हे हेरून बाबासाहेब व मंडळी पद्मावती बोटीने थेट दासगावला उतरली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. कोर्टाच्या मनाईमुळे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवावा लागला, तेव्हा पाणी पिण्यासाठी आसुसलेली हजारो माणसे बाबासाहेबांच्या शब्दाखातर शांतपणे माघारी फिरली. बिनबांधणीच्या गर्दीला हे जमले नसते.

मोरे १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. हा निर्णय आपल्यापैकी अनेकांना रुचत नाही, म्हणून त्यांचे नाव महाडच्या भाषणांतूनही गळते. हा कोतेपणा आहे. बाबासाहेबांविषयीचा त्यांचा आदर पक्ष बदलल्याने आटला नाही. १९६५ साली त्यांनी जीवनमार्ग हे साप्ताहिक काढले. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र अपुरेच राहिले होते. पुढचा भाग मुलगा सत्येंद्र मोरे यांनी लिहून पुरा केला, तो ग्रंथ २००३ मध्ये मराठीत आला. पनवेलच्या जयंती समित्यांनी या वर्षी वर्गणीतून त्याच्या दोन प्रती घ्याव्यात आणि पहिल्या बैठकीत परिषदेच्या तयारीची पाने वाचावीत.