सृष्टीचे बंधू : आसिसीचे संत फ्रान्सिस

इटलीतील आसिसी नगरात सुमारे ११८२ साली एका धनाढ्य कापड व्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. तारुण्य चैनीत गेले. युद्धातील बंदिवास, आजारपण व कुष्ठरोग्यांची सेवा यांतून त्यांचे अंतःकरण पालटले. अंगावरील वस्त्रेदेखील पित्यास परत करून त्यांनी दारिद्र्य स्वीकारले.

१२२५ च्या सुमारास, दृष्टी मंदावली असताना, त्यांनी सृष्टिस्तोत्र रचले. सूर्य त्यांचा बंधू झाला, जल भगिनी झाली. पुढे आसिसीचे बिशप व नगरप्रमुख यांच्यात वैर पेटले, तेव्हा फ्रान्सिस यांनी त्याच स्तोत्रात क्षमेचे कडवे जोडले. ते दोघांसमोर गायिले गेले आणि समेट घडला. अखेरच्या कडव्यात त्यांनी महापापात मरण येण्याविषयी सावध केले. सृष्टीची स्तुती व पापाचा पश्चात्ताप त्यांच्या लेखी वेगळे नव्हते.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांना देवाज्ञा झाली. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केले.

आपला लोभ नदीला, मातीला व शेजाऱ्यालाही जखमी करतो. ४ ऑक्टोबरला संतांचा सण साजरा करताना, पापांची कबुली देताना, सृष्टीविरुद्धचा आपला अपराधही प्रभूपुढे मांडू या.