सूर्याला बंधू म्हणणारे संत फ्रान्सिस

दर वर्षी ४ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा सण साजरा करते. पशुपक्ष्यांवर प्रेम करणारे संत म्हणून ते आपणा सर्वांना परिचित आहेत. परंतु सूर्याबद्दल देवाची स्तुती करणारे गीत त्यांनी रचले, आणि तेही डोळ्यांना उजेड सहन होत नसताना, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नांदेड-लातूरच्या उन्हात राहणाऱ्या आम्हां भाविकांना ही गोष्ट विशेष मोलाची वाटते.

फ्रान्सिस यांचा जन्म इटलीतील असिसी येथे ११८१ किंवा ११८२ साली झाला. वडील कापडाचे श्रीमंत व्यापारी होते. तरुणपणी फ्रान्सिस यांना चैनीची व पराक्रमाची हौस होती. शेजारच्या पेरुजा शहराशी झालेल्या लढाईत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिले. नंतर आजारपण आले आणि मन हळूहळू पालटू लागले. ज्या कुष्ठरोग्यांची त्यांना किळस येई, त्यांचीच ते सेवा करू लागले. वडिलांनी बिशपांपुढे तक्रार नेली, तेव्हा त्यांनी अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांना परत केले. १२०९ साली पोप इनोसंट तिसरे यांनी त्यांच्या व सोबत्यांच्या साध्या जीवनपद्धतीला तोंडी मान्यता दिली. वसईचे संत गोन्सालो गार्सिया, जे १५९७ साली जपानमध्ये हुतात्मा झाले, ते याच फ्रान्सिस्कन संघाचे बंधू होते.

१२१९ साली फ्रान्सिस इजिप्तला गेले. युद्ध चालू असताना ते निःशस्त्र जाऊन सुलतानाला भेटले. परतले ते डोळ्यांचा आजार घेऊन. १२२४ साली ला व्हेर्ना डोंगरावर त्यांच्या देहावर प्रभूची पंचक्षते उमटली. १२२५ साली ते सान दामियानो येथे संत क्लारा यांच्या मठाजवळील एका खोपटात आजारी पडून होते. पन्नासहून अधिक दिवस त्यांना दिवसाचा प्रकाश पाहवत नव्हता, की रात्री विस्तवाचा उजेड सहन होत नव्हता. त्यातच उंदरांचा उपद्रव. झोप नाही, जेवण नाही. एका रात्री वेदनांनी ते अगदी हताश झाले. प्रार्थनेत त्यांना स्वर्गराज्याची खात्री मिळाली आणि सकाळी उठून त्यांनी सृष्टीचे स्तुतिगीत रचले. ते लॅटिनमध्ये नव्हते, तर साध्या माणसांच्या बोलीत होते. त्यात पहिला मान त्यांनी सूर्याला दिला!

त्यांनी सूर्याला देव मानले नाही आणि तुच्छही लेखले नाही. एकाच पित्याने निर्माण केलेला म्हणून त्याला बंधू म्हटले. चंद्र, वारा, पाणी, अग्नी, धरणीमाता यांनाही त्यांनी आपल्या कुटुंबात घेतले. पुढे असिसीचे बिशप व नगरप्रमुख यांच्यात वैर पेटले, तेव्हा त्यांनी या गीतात क्षमेचे कडवे जोडले व ते दोघांसमोर गाण्यास आपले बंधू पाठविले. दोघांचा समेट झाला. डोळ्यांवर उपाय म्हणून तापलेल्या लोखंडाने त्यांना डागण्या दिल्या, तेव्हा त्यांनी अग्निबंधूला सौम्य होण्याची विनंती केली. शेवटी मरणालाही बहीण म्हणून ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांनी देह ठेवला. दोनच वर्षांनी त्यांना संतपद मिळाले.

आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात ऊन मी म्हणते. विहिरी आटतात, गुरे तहानतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वेळी सूर्याबद्दल आभार कसे मानावे, असा प्रश्न आम्हांलाही पडतो. परंतु तोच सूर्य ज्वारीच्या कणसात दाणा भरतो, तुरीच्या शेंगा पक्व करतो, अंगणातले पापड-कुरडया वाळवतो. समुद्राचे पाणी वर नेऊन पाऊस आणणाराही तोच. सुमारे १५ कोटी किलोमीटरवरून त्याचा प्रकाश आठ मिनिटांत आपल्या दारी येतो आणि त्याचे बिल कोणी पाठवीत नाही! ज्यांना त्या प्रकाशाने वेदना होत होत्या, त्या फ्रान्सिस यांनीही हे दान विसरले नाही. आपले दुःख हे देवाच्या चांगुलपणाचे माप नव्हे, हेच त्यांच्या जीवनातून आम्ही शिकतो.

प्रभू येशूने सांगितले आहे की स्वर्गीय पिता आपला सूर्य दुर्जनांवर आणि सज्जनांवर सारखाच उगवतो. म्हणून सूर्याचे खरे आभार तोंडाने मानून भागत नाही. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्या दारी जाणे. उन्हात राबणाऱ्या मजुराला सावली व तांब्याभर पाणी देणे. पाखरांसाठी अंगणात पाण्याचे भांडे ठेवणे. एक झाड लावून ते उन्हाळाभर जगविणे, हेही त्या गीताचेच एक कडवे होय.

आपण मिस्साला जमतो तो दिवसही रविवारच, म्हणजे सूर्याचा वार आणि प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. पुढच्या रविवारी मंदिराकडे येताना उगवत्या सूर्याकडे पाहून क्षणभर थांबू या आणि त्याला घडविणाऱ्या पित्याला धन्यवाद देऊ या. असिसीच्या संत फ्रान्सिसा, आम्हांसाठी विनंती कर.