लेकरांच्या हाती लेखणी देणाऱ्या सावित्रीमाई

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा फोटो आपल्या वस्तीत घरोघर आहे. 3 जानेवारीला आपली लेकरं त्यांच्यावर भाषणंही करतात. पण बहुतेक वेळा भाषण मोठ्यांनी लिहून दिलेलं असतं, लेकरू नुसतं पाठ म्हणतं. माईंच्या शाळेतली लेकरं स्वतः लिहीत होती. म्हणून त्यांचं चरित्र आम्ही इथे एक शिक्षिका म्हणून सांगत आहोत.

माईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. 1840 साली, नवव्या वर्षी, जोतीरावांशी लग्न झालं. मुलीच्या हाती पाटी येणं पाप मानलं जाई, तो तो काळ. जोतीरावांनी त्यांना शिकवलं आणि 1848 साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा माई तिथे शिकवू लागल्या. वाटेत सनातनी लोक अंगावर शेण-चिखल टाकत. माई जास्तीचं लुगडं सोबत नेत, शाळेत गेल्यावर बदलत आणि शिकवायला उभ्या राहत. या कामापायी नवरा-बायकोला घर सोडावं लागलं. शाळा मात्र त्यांनी सोडली नाही. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या.

1854 साली माईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह निघाला. म्हणजे शिकवणारी बाई स्वतः लिहिणारी होती. दुसऱ्याच वर्षी, 1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग मुलगी मुक्ताबाई साळवे हिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. विषय होता महार-मांगांचं दुःख.

त्या पोरीने काय लिहिलं? वेद आम्हाला पाहायचीही बंदी असेल, तर आमचा धर्म तरी कोणता, असं तिने विचारलं. इमारतीच्या पायात महार-मांगांना गाडत, हे लिहिलं. तालीमखान्यापुढून जाणाऱ्याचं डोकं उडवत, हे लिहिलं. आपल्या बायांची बाळंतपणं उघड्यावर कशी होत, तेही लिहिलं. आणि दुःख सांगून ती थांबली नाही, आपल्या लोकांना शिका म्हणाली. त्या पोरीने हक्काचा हिशोब मांडला होता.

आमच्या परंड्याचा किल्ला पाहायला लांबून लोक येतात. तो कोणाच्या ताब्यात होता, हे लेकरं शाळेत शिकतात. त्याचे दगड कोणी वाहिले, हे कुठे लिहिलेलं नसतं. मुक्ताबाईचा निबंध वाचला की लेकरं हा प्रश्न आपणहून विचारतात. इतिहास शिकवायचा तो असा.

माईंचं पुढचं आयुष्यही कामातच गेलं. फसवल्या गेलेल्या विधवांना आणि त्यांच्या बाळांना त्यांनी आसरा दिला. अशाच एका बाळाला, यशवंतला, दत्तक घेतलं. 1876-77 च्या दुष्काळात भुकेल्यांना जेवू घातलं. 1890 साली जोतीराव गेले, तेव्हा टिटवं माईंनी स्वतः धरलं. 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घालून त्यांनी दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना गुरू मानलं. त्या गुरूच्या घरातली ही शिक्षिका. तेव्हा फोटोला हार घालून आपलं काम संपत नाही.

आम्ही गिरणी कामगार. जे शिकलो ते पाळी सुटल्यावर, वाचून वाचून. आमचं वस्तीतल्या आयाबहिणींना आणि बांधवांना एवढंच सांगणं आहे. येत्या 3 जानेवारीला लेकराला भाषण लिहून देऊ नका. मुक्ताबाईचा निबंध त्याच्यापुढे ठेवा आणि त्यालाच मोठ्याने वाचू द्या. मग त्याला आजीपाशी बसवा. आजीला पाणी कोणत्या विहिरीवर मिळायचं, शाळेत कुठं बसवायचे, मजुरी काय मिळायची, हे विचारून वहीत लिहू द्या. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, पण शब्द लेकराचे पाहिजेत. त्या वह्या विहारात आणून वाचू या. आजी आहे तोवरच हे होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!