हँडल मारण्याची कटकट संपवणारे चार्ल्स केटरिंग
व्हिंटेज गाडीच्या स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि हॉर्न, दिवे दोन्ही गप्प? अशा वेळी चार्ल्स केटरिंग आठवा. जन्म १८७६, ओहायो, अमेरिका. डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण रखडलं, तरी १९०४ मध्ये त्यांनी इंजिनिअरिंगची डिग्री मिळवलीच. नोकरीत त्यांनी कॅश रजिस्टरला छोटी मोटर बसवली. ती क्षणभरच चालायची, पण जोर दणदणीत! हीच आयडिया त्यांनी गाडीला लावली. तेव्हा हँडल मारताना इंजिनाचा उलटा झटका बसून हात मोडायचे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा सेल्फ-स्टार्टर आला. इंजिन सुरू झालं की तीच मोटर बॅटरी चार्ज करायची, त्यावर दिवे लागायचे. १९५८ मध्ये ते गेले. म्हणून स्टिअरिंग उघडण्याआधी बॅटरी तपासा. दोघांना करंट सहसा तिथूनच येतो.