पंचेचाळिशीतलं उड्डाण

मैत्रिणींनो, चाळिशी उलटली, मुलं हाताशी आली की आपण म्हणतो, आता कसलं शिकायचं वय? मग या हिल्डा ह्यूलेटबाईंची गोष्ट ऐकाच. पंचेचाळिशीत त्यांना विमानाचं वेड लागलं आणि पुढे त्यांनी चक्क वैमानिकांची शाळा काढली!

हिल्डाचा जन्म 1864 साली लंडनमध्ये एका पाद्र्याच्या घरात झाला. भावंडं नऊ. कलाशाळेत त्या शिवण, लाकूडकाम आणि धातूकाम शिकल्या. 1888 मध्ये कादंबरीकार मॉरिस ह्यूलेट यांच्याशी लग्न झालं. दोन मुलं झाली. चारचौघींसारखा संसार चालला होता.

1909 मध्ये ब्लॅकपूलला विमानांचा मेळा भरला. ती विमानं पाहून बाई भारावून गेल्या. नवऱ्याला हे खूळ पसंत नव्हतं. तरीही त्या फ्रान्सला गेल्या. गुस्ताव्ह ब्लाँदो या इंजिनिअरबरोबर त्यांनी विमानाची सगळी माहिती करून घेतली, एक फार्मान विमान विकत घेतलं आणि 1910 मध्ये दोघांनी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सला शाळा उघडली. ब्रिटनमधली ही अगदी सुरुवातीची विमानशाळा.

काळ मात्र कठीण होता. त्याच वर्षी जुलैमध्ये रोल्स-रॉइस मोटारींचे चार्ल्स रोल्स विमान कोसळून गेले. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर नवशिक्यांचं काय? विमान म्हणजे लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड आणि तारा. वैमानिक उघड्यावरच बसायचा. पॅराशूट नाही, काही नाही. एखादा विद्यार्थी दगावला असता, तर शाळेचं नाव बुडायला वेळ लागला नसता. त्यातून शाळा चालवणारी एक बाई! बोलणाऱ्यांना निमित्तच हवं होतं.

पण ते निमित्त कधी मिळालंच नाही. शाळा साधारण दीड वर्ष चालली. तेरा विद्यार्थी तयार झाले आणि अपघात एकही नाही! त्या दिवसांत ही फार मोठी गोष्ट होती.

29 ऑगस्ट 1911 रोजी बाईंनी स्वतः परीक्षा दिली. परवाना क्रमांक 122. वैमानिकाचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश महिला, वय 47! मग त्यांनी आपल्या मुलाला, फ्रान्सिसला, उडायला शिकवलं. त्याच वर्षी त्यालाही परवाना मिळाला. आपल्या पोटच्या पोराला ज्या विमानात बसवलं, त्याच्या भरवशाबद्दल आणखी काय सांगायला हवं?

पुढे दोघांनी विमानांचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात तिथे आठशेहून जास्त विमानं तयार झाली. शेवटची वर्षं बाई न्यूझीलंडमध्ये राहिल्या आणि 1943 मध्ये तिथेच वारल्या.

आज आपण मुलीला गाडी शिकायला पाठवतो, पोहायला घालतो. कुणाकुणाची लेक वैमानिकही होते आहे. फी भरण्याआधी आपण रंगीत जाहिरात बघतो, नाव किती मोठं ते बघतो. त्याबरोबर आणखी एक चौकशी करायला विसरू नका. तिथे आधी शिकून गेलेल्या मुलामुलींच्या घरी जा आणि विचारा, किती जणांना दुखापत झाली, आणि झाली तेव्हा शिकवणारे कुठे होते? असं विचारायला संकोच कसला? लेकरू आपलं आहे ना!