कोलवाळच्या शेणवी कुळातील आबे फारिया

गोमंतकाबाहेर जाऊन नावलौकिक मिळविलेल्या पुरुषांची परंपरा मोठी आहे. कोणी उत्तरेस शिंद्यांच्या पदरी गेले, कोणी दक्षिणेस कानडा-केरळात वसले, कोणी मुंबईत विद्वत्तेने गाजले. त्यांच्या वंशजांनी आपापले गोत्र व कुलदैवत जपले आणि महाजनांच्या नामावलीवरून त्यांचे मूळ गाव आजही सांगता येते. या नामावलीत ज्याचे नाव येणे शक्यच नव्हते, तरीही ज्याने आपले मूळ परक्या देशात छापील अक्षरांत नोंदवून ठेवले, असा एक पुरुष म्हणजे जुझे कुस्तोदियु द फारिया, अर्थात आबे फारिया. आबे हे त्यांचे नाव नव्हे. फ्रेंच लोक पाद्र्यास लावतात ती ती उपाधी आहे.

इ. स. १८१९ मध्ये पॅरिस येथे त्यांचा कृत्रिम निद्रेच्या कारणांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान यांतील पदव्या येण्यापूर्वी ग्रंथकर्त्याच्या नावापुढे, तो ब्राह्मण आहे, असे छापलेले आहे. कर्ता ख्रिस्ती धर्मोपदेशक, त्याचे घराणे दोन शतकांहून अधिक काळ ख्रिस्ती, आणि वाचक सारे फ्रेंच! पॅरिसकरांना हिंदुस्थानातील ब्राह्मणाविषयी कुतूहल होते व त्याचा उपयोग फारियांनी करून घेतला, असे कोणी म्हणेल. त्यात थोडे तथ्यही असेल. तथापि तो दावा पोकळ नव्हता; जुन्या कागदांचा माग काढीत गेले असता तो खरा ठरतो.

हा माग बार्देश महालातील कोलवाळ गावी, सोळाव्या शतकातील अनंत शेणवी यांच्यापर्यंत पोहोचतो. हे सारस्वत गृहस्थ गावचे लेखनाचे काम पाहणारे होते. १५४३ साली बार्देश व साष्टी हे प्रांत पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर शतकाच्या उत्तरार्धात तेथील देवळे पाडली गेली, आणि प्रत्येक कुटुंबापुढे एकच प्रश्न उभा राहिला : घरदार व शेतभाट सोडून देवासह नदीपार जावे, की भूमी धरून राहावे आणि धर्म सोडावा? कळंगुटची शांतादुर्गा नानोड्यास गेली ती याच काळात, आणि तिच्यामागून तिचे कुळावीही गेले. अनंत शेणवी मागे राहिले व ख्रिस्ती झाले. कोलवाळची इगर्जी १५९१ मधली आहे.

येथे वंशशोधकाची खरी कसोटी लागते. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदले आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचे घेतले जाई. त्यामुळे एकाच शेणव्याचे दोन पुत्र दोन भिन्न पोर्तुगीज आडनावांचे झाले, तर दुसरीकडे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली कुटुंबे एकाच आडनावाने ओळखली जाऊ लागली. केवळ आडनावाच्या आधारे वंश जुळवू पाहणारा हमखास फसतो. परंतु शासनाने धर्म बदलला तरी गावकरी मोडली नाही. ख्रिस्ती झालेल्या गावकऱ्याचे वांगड तेच राहिले, त्याचा जोण त्याच्या पुत्रपौत्रांकडे पुरुषपरंपरेने चालत राहिला, आणि हा हक्क पैशाचा असल्यामुळे त्याची नोंद काटेकोर ठेवली गेली. धर्माच्या वहीत जी साखळी तुटते, ती जमिनीच्या वहीत पुष्कळदा अखंड सापडते. इगर्जीतील जन्म, विवाह व मृत्यू यांच्या वह्या तिला पूरक ठरतात. नदीपार गेलेल्यांच्या बाजूने हे काम महाजनांच्या नामावल्यांनी केले. १८८६ च्या नियमावलीने त्यांस कायद्याचे रूप दिले. एकाच मूळ पुरुषाच्या दोन शाखा अशा दोन निराळ्या दप्तरांत विभागल्या गेल्या आहेत, आणि ही दोन दप्तरे शेजारी ठेवून वाचण्याचे कष्ट फारच थोड्यांनी घेतले आहेत.

अनंत शेणव्यांच्या वंशातील कायतान व्हितोरिनु द फारिया यांनी कांदोळीच्या रोझा मारीया द सौझा यांच्याशी विवाह केला. त्यांचे पुत्र जुझे कुस्तोदियु मे १७५६ मध्ये कांदोळीस जन्मले. पतिपत्नींचे पटले नाही. धर्माधिकाऱ्यांच्या अनुमतीने दोघे विभक्त झाली. पित्याने विवाहापूर्वी अर्धवट सोडलेले पाद्रीपणाचे शिक्षण पुरे करून दीक्षा घेतली आणि माता जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. मुलगा पित्याकडे राहिला. १७७१ च्या फेब्रुवारीत पितापुत्र जहाजाने निघाले व नऊ महिन्यांच्या प्रवासानंतर नोव्हेंबरात लिस्बन येथे उतरले. तेथून शिफारसपत्रे मिळवून ते रोमला गेले. पुत्राचे शिक्षण तेथे झाले. १७८० च्या मार्चमध्ये त्यास दीक्षा मिळाली आणि धर्मशास्त्रातील सर्वोच्च पदवीही त्याने संपादन केली.

लिस्बनमधील एक आख्यायिका गोव्यात घरोघर सांगितली जाते. राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनास उभे राहिले असता समोरील सरदार-दरकदारांचा थाट पाहून तरुण फारियांची वाचा बसली. तेव्हा व्यासपीठाखाली असलेल्या पित्याने हलक्या आवाजात कोकणीतून त्यांस सांगितले, की ही समोरची सारी भाजी आहे, ती खुशाल कातरावी. हे शब्द कानी पडताच भीती गेली आणि प्रवचन उत्तम झाले. आख्यायिकेची कागदोपत्री शहानिशा करण्यात अर्थ नाही. मात्र एका शब्दाच्या सूचनेने मन कसे पालटते, हा फारियांच्या पुढील सिद्धांताचा गाभा तीत आहे, आणि घराण्यातून धर्म गेला, आडनाव गेले, तरी घरची भाषा गेली नव्हती, हेही ती सांगते.

पित्याच्या मनात एक शल्य होते. एतद्देशीय पाद्री कितीही विद्वान असला तरी वरच्या जागा गोऱ्यांनाच मिळत. याच असंतोषातून १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा उठाव शिजला व फुटला; ४७ जण पकडले गेले आणि पंधरा जणांना पुढील वर्षी पणजी येथे देहान्त शासन झाले. कटातील प्रमुख पाद्री यापूर्वी लिस्बनला जाऊन आले होते व कायतान व्हितोरिनु यांच्या सहवासातले होते. पुत्राने १७८८ मध्ये लिस्बन सोडून पॅरिस गाठले. गोव्याचे दर्शन त्यांस पुन्हा घडले नाही.

पॅरिसमध्ये पुढच्याच वर्षी राज्यक्रांती झाली. १७९५ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय सभेविरुद्ध उठलेल्या एका तुकडीचे नेतृत्व फारियांनी केले होते. १८११ मध्ये ते मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते, नंतर नीम येथे गेले, आणि १८१३ मध्ये पॅरिसला परतून त्यांनी क्लिशी रस्त्यावरील एका घरात कृत्रिम निद्रेचे जाहीर प्रयोग सुरू केले. त्या काळी मेस्मरच्या मताप्रमाणे प्रयोगकर्त्याच्या शरीरातून एक अदृश्य द्रव रोग्यात शिरतो, अशी समजूत होती. फारियांनी ती साफ नाकारली. ते माणसास खुर्चीवर बसवीत, चित्त एकाग्र करावयास लावीत व मग खणखणीत आवाजात निजण्याची आज्ञा देत. निद्रा येते ती प्रयोगकर्त्याच्या शक्तीने नव्हे, तर निजणाऱ्याच्याच मनाने आणि श्रद्धेने, असे ते सांगत. स्वतःच्या अंगी कोणतीही दिव्य शक्ती नाही असे जाहीरपणे म्हणणारा हा त्या क्षेत्रातील पहिल्या काही मोजक्या पुरुषांपैकी एक होय. उत्तरकाली नान्सी येथील वैद्यांनी सूचनेचे जे शास्त्र उभारले, त्याचा पाया हाच.

जनतेने मात्र त्यांस न्याय दिला नाही. १८१६ मध्ये त्यांच्या प्रयोगांची टर उडविणारे प्रहसन रंगभूमीवर आले, एका नटाने निजल्याचे सोंग करून भर सभेत त्यांची फजिती केली, आणि धर्मपीठाकडूनही टीका झाली. प्रयोग बंद पडले. ग्रंथाचा पहिला भाग छापून होतो न होतो तोच २० सप्टेंबर १८१९ रोजी त्यांचे निधन झाले. मॉंमार्त्र येथे त्यांचे दफन झाले; थडग्यावर खूण नाही.

पुढे अलेक्झांडर द्युमाने मॉंटे क्रिस्टोच्या कथेत, १८४४ पासून, तुरुंगातला एक ज्ञानी वृद्ध पाद्री रंगविला व त्यास फारियाचे नाव दिले. पण कथेतला फारिया इटालियन आहे. कादंबरी जगभर वाचली गेली आणि खरा फारिया कोणत्या मातीतला हे लोक विसरून गेले. कल्पित पात्राने खऱ्या माणसाचा वंश झाकून टाकल्याचे असे उदाहरण विरळा. ते आवरण दूर करण्याचे श्रेय डॉ. दानियेल जेलानियु दालगाद या गोमंतकीय वैद्याकडे जाते. १९०६ साली त्यांनी पॅरिसमध्ये फारियांचे चरित्र प्रसिद्ध केले व त्याच साली मूळ ग्रंथाचीही नवी आवृत्ती काढली. १९२५ मध्ये पोर्तुगालचे एगास मोनिश यांनी फारियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या मज्जातज्ज्ञाला १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पणजीत मांडवीच्या काठी, आदिलशाही राजवाड्याशेजारी, १९४५ मध्ये फारियांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. तो घडविणारे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत हे गोव्याचेच. हात पुढे करून उभे असलेले फारिया आणि त्यांच्यासमोर निद्रेत मागे झुकलेली स्त्री, असे ते शिल्प आहे. अनंत शेणव्यांचे कोलवाळ तेथून उत्तरेस, शापोरा नदीच्या तीरी आहे, आणि नदीपलीकडे पेडणे महाल लागतो.